घरी न्यायचं की सेंटरला? आधी एक रात्र वॉर्डात काढा

ठाण्यातल्या नौपाड्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील ६८ वर्षांचे. तीन आठवड्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला मोठा स्ट्रोक आला. उजवा हात-पाय हलत नाही, बोलणं गेलंय. नाकात फीडिंगची नळी आहे, लघवीचीही नळी आहे. हॉस्पिटल म्हणतंय, पुढच्या आठवड्यात डिस्चार्ज. बंगळुरूचा भाऊ म्हणतो, चांगल्या रिहॅब सेंटरला ठेवू. आई म्हणते, माझ्या माणसाला मी बाहेर ठेवणार नाही. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबा परत चालतील का, आणि मी कुणाचं ऐकू?

ताई, मी न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे. ठाण्यात आणि वाशी-नेरूळकडे वॉर्डांतून आणि घरोघरी मुख्यतः स्ट्रोकचेच पेशंट बघते. तुमच्या घरातलं भांडण मिटत नाहीये, कारण आई आणि भाऊ दोघंही बरोबर आहेत. दोघं ‘कुठे’वर अडलेत. ‘कशासाठी’ आणि ‘किती दिवस’ हे आधी ठरवलं तर ‘कुठे’चं उत्तर बरंचसं आपोआप निघतं. जन्मभराचा निर्णय आत्ता कुणी मागितलेला नाही. चार आठवड्यांचा घ्या, कॅलेंडरवर तारीख लिहा आणि त्या दिवशी परत बसा. आईला ‘सेंटर’ म्हटलं की वृद्धाश्रम दिसतो. ‘गणपतीच्या आधी घरी आणायचं, तोवर बसायला आणि गिळायला शिकवून घेऊ’ असं म्हटलं तर तीच आई वेगळं बोलते, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

आता चालण्याचं. स्कॅन बघून कुणी छातीठोकपणे ‘चालणारच’ म्हणत असेल किंवा ‘आता काही होत नाही’ म्हणत असेल, तर दोन्ही सोडून द्या. मी वेगळंच बघते. कॉटच्या कडेला पाय जमिनीला टेकवून, कुणी न धरता बाबा बसू शकतात का? बसल्यावर उजवा पाय गुडघ्यात थोडा तरी सरळ करता येतो का? सुरुवातीच्या आठवड्यांत या दोन गोष्टी आल्या तर सहा महिन्यांत काठी घेऊन का होईना, घरात फिरण्याची आशा चांगली असते. हाताचं गणित अवघड. बोटं उघडण्याची हालचाल अजिबात आली नसेल तर हात कामाचा व्हायला फार कठीण जातं. हे आधीच सांगते, कारण घरचे सगळे पेशंटच्या हातात रबरी बॉल देऊन बसतात. तो काढून घ्या. मूठ आवळणं पुढे आपसूक वाढणारच आहे, शिकायचंय ते उघडणं.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगानं होते, सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी, नंतर हळू. पण थांबत नाही. बोलण्यात तर वर्षानंतरही भर पडते. आणि ‘पहिल्या दिवसापासून फिजिओ सुरू केली नाही’ ही रुखरुख असेल तर ती काढून टाका. २०१५ साली अ‍ॅव्हर्ट नावाच्या मोठ्या चाचणीत दिसलं, की पहिल्या चोवीस तासांतच जोरात उठवाउठव सुरू केलेल्या पेशंटचा तीन महिन्यांनंतरचा निकाल उलट थोडा खालीच आला. तुमचा वेळ वाया गेलेला नाही. वाया जाऊ शकतो तो इथून पुढचा.

डिस्चार्जच्या आधी एक काम करा, आणि ते तुम्हीच करा, फोनवर भावाला विचारून नाही. वॉर्डात एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र बाबांचं सगळं तुमच्या हातानं करून बघा. सिस्टर आणि वॉर्डातल्या आयाबाई बाजूला उभ्या राहतील, शिकवतील; बहुतेक ठिकाणी विचारलं तर नाही म्हणत नाहीत. नळीतून फीड देणं, तोंड साफ करणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, डायपर, पाठ आणि टाचा बघणं, कॉटवरून खुर्चीत बसवणं. रात्री अडीचला झोपमोड होऊन कूस बदलायची म्हणजे काय, हे कळल्याशिवाय ‘घरी करू आम्ही’ या वाक्याला अर्थ नाही. आणि उलटही होतं. घाबरलेल्या मुली सकाळी म्हणतात, ‘एवढंच असतं होय?’

खुर्चीत बसवण्याचं सविस्तर सांगते, कारण इथंच खांदे निखळतात. आपल्याकडे दोघं जण काखेत हात घालून ‘एक, दोन, तीन’ म्हणत माणसाला उचलतात. उजव्या खांद्याचे स्नायू सैल पडलेत, हाडाची गोळी खोबणीतून खाली ओघळलेली असते. काखेतून ओढलं की ती आणखी सरकते आणि मग जी दुखण्याची साडेसाती लागते ती फिजिओलाही हात लावू देत नाही. खुर्ची बाबांच्या चांगल्या, म्हणजे डाव्या बाजूला, कॉटला तिरकी लावा. व्हीलचेअर असेल तर ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. बाबांना कडेवर पुढे सरकवा, दोन्ही टाचा टेकू द्या. तुम्ही समोर, किंचित त्यांच्या उजवीकडे. तुमचा गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्याला आडवा लावा, म्हणजे तो वाकून कोसळणार नाही. कमरेला रुंद पट्टा बांधलेला असावा, धरायचं ते पट्ट्याला. मग त्यांना सांगा, ‘बाबा, नाक पुढे.’ डोकं गुडघ्यांच्या पुढे आलं की ढुंगण आपोआप उचललं जातं. तिथून डावीकडे वळवून बसवायचं. तुमची पाठ सरळ, वाकणं गुडघ्यातून. वॉर्डातल्या फिजिओसमोर हे जमेपर्यंत करा, मोबाइलवर शूट करून घ्या, आणि आईनं एकटीनं हे करायचं नाही असं आत्ताच ठरवा.

दुसरी धोक्याची जागा घसा. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून झाल्याशिवाय तोंडातून काही नाही. अगदी काही नाही. लोकांना वाटतं, पोळी अडकेल, पाणी काय अडकणार! उलट आहे. पाणी, चहा, शहाळं हे पातळ पदार्थ सर्वांत झटकन श्वासनलिकेत उतरतात, आणि कित्येकदा ठसकाही लागत नाही. चार दिवसांनी ताप आणि न्यूमोनिया. भेटायला आलेली मावशी प्रेमानं चमचाभर तीर्थ पाजते, ते पहिलं थांबवा. ओठांना बोट लावून नमस्कार करा म्हणावं. फीड देताना पाठ उंच, निदान ३० ते ४५ अंश, आणि नंतर अर्धा-पाऊण तास तशीच. तोंडातून काही जात नसलं तरी दात, जीभ दिवसातून दोन-तीनदा साफ करायचे, कारण तोंडातली घाणच लाळेबरोबर फुप्फुसात जाते. नाकातली नळी महिन्याच्या वर चालणार असं दिसलं तर पोटातून नळी घालायचा विषय डॉक्टर काढतील. त्याला घाबरू नका. ती पुढे काढता येते. आणि लघवीची नळी नक्की कशासाठी ठेवलीय ते रोज विचारा. कारण सापडलं नाही तर ती निघायला हवी, जंतुसंसर्गाचा रस्ता आहे तो.

आता बाबांबद्दल. तुमच्या प्रश्नात आई, भाऊ, तुम्ही आणि हॉस्पिटल असे चौघं बोलतात; बाबांचं मत कुठेच नाही. बोलणं गेलं म्हणजे समज गेली असं नसतं. डाव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये काहींना सगळं कळतं, फक्त शब्द निघत नाही. काहींना अर्धवट कळतं. तपासायची साधी रीत आहे. एका वेळी एकच प्रश्न, छोटा, हो-नाहीचा. टीव्ही बंद. उत्तर द्यायला दहा सेकंद थांबा, मध्ये दुसरा प्रश्न घुसवू नका. मग उलटा प्रश्न विचारा. ‘आत्ता रात्र आहे का?’ याला मान हलली आणि ‘आत्ता दिवस आहे का?’ यालाही हलली, तर त्या ‘हो’वर अजून भरवसा ठेवायचा नाही. दोन्ही बरोबर आली तर घराचा फोटो आणि सेंटरचा फोटो दाखवून विचारा, ‘चार आठवडे इथे?’ बोट कुठे जातं ते पाहा. शब्द फुटत नसला तरी आरती किंवा एक ते दहा आकडे त्यांच्याकडून निघू शकतात. पाठ झालेलं, सुरातलं बोलणं अनेकदा शिल्लक राहतं. ‘सुखकर्ता’ निघालं म्हणून बोलणं आलं असं नाही, पण थेरपिस्टला तिथून धागा मिळतो. शिव्याही अशाच स्पष्ट निघतात. आईला आधी सांगून ठेवा.

एकदम रडू फुटणं, तेही कारण नसताना, हा कधी मेंदूच्या इजेचा भाग असतो, कधी खरी उदासी. स्ट्रोकनंतर सुमारे तिघांमागे एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. ‘मन घट्ट करा’ हे औषध नव्हे. आणि कॉटशेजारी उभं राहून ‘यांचं आता काय करायचं’ ही चर्चा करू नका. बाहेर पॅसेजमध्ये करा.

घराचा दुसरा मजला ही तुमच्या प्रश्नातली सर्वांत मोठी अडचण आहे आणि तुम्ही ती एका ओळीत टाकलीत. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींचे जिने मला माहीत आहेत. अरुंद, वळणावर स्ट्रेचर फिरत नाही. बाबा एकदा वर गेले की खाली यायला दर वेळी खुर्ची आणि चार माणसं. तपासणीला जायचं टळतं, ऊन लागत नाही, आणि ‘चालायला लागले की उतरतील’ म्हणता म्हणता तीन महिने निघून जातात. शक्य असेल तर तीन-चार महिन्यांसाठी लिफ्टचं किंवा तळमजल्याचं घर भाड्यानं बघा. तुमची इमारत रीडेव्हलपमेंटच्या रांगेत असेल, नौपाड्यात पुष्कळ तशाच आहेत, तर हा निर्णय नाहीतरी पुढे येणारच होता. घर बघताना बाथरूमच्या दाराची रुंदी टेपनं मोजा. व्हीलचेअरला साधारण तीस इंच लागतात, आणि आपल्या फ्लॅट्समध्ये संडासाचं दार बहुधा त्याहून अरुंद असतं. मग चाकाची कमोड चेअर घ्यायची. बाकी सामान भाड्यानं मिळतं: फाउलर कॉट (डोक्याची-पायाची बाजू वर-खाली होणारी), एअर बेड, गरज असली तर सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढणारं). विकत घेऊ नका, दोन महिन्यांत गरजा बदलतात.

सेंटरचं म्हणाल तर, बाबा दिवसा जागे राहतात, अर्धा तास खुर्चीत बसू शकतात आणि निदान एक सूचना पाळतात, असं असेल तर मी भावाच्या बाजूची आहे. चार आठवडे चांगल्या ठिकाणी, रोज फिजिओ, ऑक्युपेशनल (रोजची कामं परत शिकवणारी) आणि स्पीच थेरपी एका छताखाली, हे घरी जुळवून आणणं ठाण्यात महाकठीण. घोडबंदरवरून नौपाड्यात यायला थेरपिस्टला संध्याकाळी किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीतच आहे. पण ते दिवसभर झोपेत असतील, थकत असतील, वारंवार ताप येत असेल, तर सेंटरचे पैसे फक्त कॉटला जातात. मग नर्सिंगची नीट सोय करून आधी घरी, आणि तब्येत उचलली की सेंटर.

सेंटर बघायला दुपारी चारला, न सांगता जा. सकाळी सगळीकडेच झाडलेलं पुसलेलं असतं. चार वाजता किती पेशंट खुर्चीत आहेत आणि किती कॉटवर छताकडे बघतायत, एवढ्यावरूनच पुष्कळ समजतं. स्पीच थेरपिस्ट रोज येतो की आठवड्यातून दोनदा? रात्री डॉक्टर इमारतीत असतो की फोनवर? घरच्यांना थेरपीच्या वेळी आत येऊ देतात का? नसतील देत तर मी तिथून निघेन, कारण शिकायचंय ते तुम्हालाही. डायपर, ट्यूब, सक्शन, अटेंडंट पॅकेजमध्ये आहे की वेगळं, ते लेखी घ्या. नवी मुंबईत, पनवेल-कर्जतच्या बाजूला ‘रिहॅबिलिटेशन सेंटर’चे बोर्ड बघून धावू नका, त्यांतली काही व्यसनमुक्तीची असतात. आणि तुम्ही रोज पोहोचू शकाल असंच ठिकाण घ्या. ट्रान्स-हार्बर लोकलनं वाशी, ऐरोली तुम्हाला सोपं पडेल. खर्च झेपत नसेल तर हाजी अलीची केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आणि बोलण्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. रांग लावावी लागते, काम अनुभवी आहे.

पैशाचं एक कलम आत्ताच उघडून वाचा. मेडिक्लेम पॉलिसीत ‘एक्सक्लूजन’खाली, म्हणजे न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत, कोड ०५ असतो: रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन, रेस्पाइट केअर. म्हणजे निव्वळ रिहॅबसाठीचं अ‍ॅडमिशन बहुतेक पॉलिसी देत नाहीत. भाऊ ‘इन्शुरन्स आहे ना’ म्हणत असेल तर त्याला हे पान पाठवा. मात्र डिस्चार्जनंतरचे ६० किंवा ९० दिवसांचे खर्च पुष्कळ पॉलिसींत असतात. त्यासाठी डिस्चार्ज समरीत फिजिओ आणि स्पीच थेरपीचा सल्ला स्पष्ट लिहिलेला हवा. घरी गेल्यावर तो लिहून आणणं जिकिरीचं होतं. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर निर्धन आणि दुर्बल घटकांतल्या पेशंटसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. बाबा सही करत असलेलं बँक खातं? बँकेत दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. मुखत्यारपत्राच्या मागे लागण्याआधी वकिलाला विचारा; बाबांना समजत नसेल तर ते करताच येत नाही.

आईचं. घरी आणाल तेव्हा ब्युरोचा, म्हणजे अटेंडंट पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस लागेल. चोवीस तासांचा एकच घेतला तर तो रात्री झोपणार, आणि झोपायलाच हवं त्याला. पेशंट अवजड असेल तर बाईऐवजी दणकट मुलगा मागा. पोलिस व्हेरिफिकेशन विचारा, बदली माणूस किती तासांत देतात ते विचारा. आपल्याकडचे कित्येक अटेंडंट कोकणातले. गणपतीत आणि शिमग्याला ते जाणारच, तेव्हाची सोय महिनाभर आधी करून ठेवा. आईच्या बीपीच्या गोळ्या कुणी बघतंय का? नवरा आजारी पडला की बाया स्वतःच्या गोळ्या पहिल्या विसरतात. भाऊ बंगळुरूहून फोनवर सल्ले देतो त्याऐवजी त्याला ठोस काम द्या: सगळी बिलं, क्लेम, ब्युरोशी भांडणं त्याच्याकडे. महिन्यातून एक शनिवार-रविवार तो येऊन रात्र काढेल, तुम्ही आणि आई बाहेर.

एक विषय कुणी काढत नाही. पुन्हा स्ट्रोक आला, श्वास बिघडला, तर परत व्हेंटिलेटर का? हे रात्री एकला कॅज्युअल्टीत ठरवू नका. तब्येत स्थिर असताना डॉक्टरांकडे बंद खोलीतली वीस मिनिटं मागा, घरातलं एकच माणूस बोलेल, बाकीचे ऐकतील. बाबांनी पूर्वी कधी काही म्हटलं होतं का, नात्यातल्या कुणाचं आजारपण बघून? ते शब्द लिहून न्या. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सुटसुटीत केली. आधीची लेखी इच्छा नसली तरी हॉस्पिटलची दोन वैद्यकीय मंडळं आणि घरचे मिळून ठरवू शकतात. पण तुमच्या बाबांचा प्रश्न आज तिथे नाही. तिसऱ्या आठवड्यात आशेचा हिशोब मोठा आहे. विषय काढायचा तो एवढ्यासाठीच, की पुढे भाऊ-बहिणीत ‘तू सोडलंस’, ‘तू ताणलंस’ असं होऊ नये. बिलाला कंटाळून डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन घरी नेणं आणि विचार करून उपचार मर्यादित करणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

घरी नेल्यावर नवीन लुळेपणा, तोंड वाकडं होणं, फिट येणं, न उतरणारी गुंगी, धाप किंवा एका पोटरीची सूज दिसली तर मला किंवा फॅमिली डॉक्टरला फोन करत बसू नका, थेट १०८ची अ‍ॅम्ब्युलन्स. चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे आजच ठरवून फ्रिजवर चिकटवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि पहिल्या स्ट्रोकनंतर इतक्या लवकर ते देतीलच असं नाही, पण निर्णय तिथल्या डॉक्टरांना करू द्या. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

आणि डिस्चार्ज शनिवारी घेऊ नका. रविवारी ब्युरो बंद, एअर बेडवाला फोन उचलत नाही, फीडिंगची नळी निसटली तर घालणारं कुणी मिळत नाही. मंगळवार-बुधवार सकाळ मागा. कॅशलेस असेल तर अंतिम मंजुरी विमा कंपनीनं तीन तासांत द्यायची असा नियम आहे, तेव्हा हॉस्पिटलातल्या टीपीएच्या, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्यांच्या खिडकीवर सकाळीच उभे राहा, म्हणजे दिवस असताना बाबा कॉटवर पोहोचतील आणि पहिलं फीड उजेडात देता येईल.